अकरा अंश

शिगेको नागाकुराने नऊ वर्षं एका माणसाचं वाईट चिंतलं आणि त्यात एका दिवसाचाही खाडा केला नाही. आजारी असली तरी, सुट्टी असली तरी. सकाळी तांदूळ धुताना ती त्सुकाकोशीचं नाव घ्यायची, आणि भात शिजेपर्यंत त्याला नाना तऱ्हांनी तोंडघशी पाडून झालेलं असायचं. कुणाला वाटेल, बाई खुनशी होती. होतीच. पण खुनशीपणा निभवायलाही अंगात शिस्त लागते, आणि शिगेकोच्या अंगात शिस्तीशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं.

हामामात्सुच्या उत्तरेला, मिकाताच्या माळावर जो इंजिनांचा कारखाना आहे, तिथल्या मोजणीच्या खोलीत तिने चौदा वर्षं काढली. बाहेर हिवाळ्यातला कोरडा वारा माणसाला सायकलीसकट आडवा करत असला तरी त्या खोलीत बारा महिने एकच गारवा. चाचणीवर दिवसरात्र रगडलेली इंजिनं उघडली, की त्यांचे भाग धुऊन पुसून तिच्या टेबलावर यायचे आणि कुठे किती झिजलंय ते ती सांगायची. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक भागही तिच्या नजरेतून सुटत नसे. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. भिंतीवर वाकडी टांगलेली चौकट दिसली तर परक्याच्या घरातही उठून सरळ करायची. अशा बाईला लोक घरी बोलावत नाहीत. तिलाही जायची हौस नव्हती.

तेव्हा कारखान्यात नव्या इंजिनाचं भारी कौतुक चाललं होतं. त्याची झडप दोन चालींनी उघडायची. गाडी हळू असली की थोडी, वेगात आली की जास्त. बाजारात जाताना पेट्रोल वाचवायचं आणि चढावर जोर द्यायचा. झडपा दाबणाऱ्या तीन दांड्या शेजारी शेजारी बसवलेल्या. हळू चालताना मधली नुसतीच हलत असते. वेग वाढला की तेलाच्या दाबाने करंगळीएवढी एक पिन तिन्ही दांड्यांतून आरपार सरकते, तिघी मिळून एक होतात, आणि मधल्या दांडीचा उंच कॅम, म्हणजे तिला उचलणारा फिरता उंचवटा, सगळ्यांनाच जास्त उचलायला लावतो. कल्पना छान होती. शिगेकोलाही आवडली होती.

घोडं पेंड खात होतं ते पिनेपाशी. तिला आत शिरायला वेळ किती, तर पापणी लवते त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. तेवढ्यात ती पुरती गेली तर ठीक. अर्धीच गेली आणि कॅमने उचल घेतली, तर सगळ्या स्प्रिंगांचा भार तिच्या एका काठावर येतो. दाराची कडी अर्धीच लागलेली असताना बाहेरून कुणी खांदा मारावा तसं. एकदा दोनदा कडी सोसते. हजारदा सोसत नाही.

या इंजिनाच्या दोन चाचण्या झाल्या. पहिलीत ते तीनशे तास पूर्ण वेगात पळवलं. त्यात पिन एकदा आत गेली की आतच राहते, तिला काय धाड भरणार? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या चाचणीत ते बदलाच्या वेगाच्या अलीकडे-पलीकडे लाख वेळा न्यायचं होतं. बासष्ट हजाराच्या सुमाराला आतून ठोके ऐकू यायला लागले. इंजिन थांबवलं, उघडलं, पिन शिगेकोच्या टेबलावर आली.

त्सुकाकोशी तेव्हा झडपांच्या गटाचा मुख्य होता. चाळिशीचा, गोड बोलणारा, कपड्यांवर कधी तेलाचा डाग नसलेला. तो स्वतः मोजणीच्या खोलीत आला, यावरूनच शिगेकोने काय ते ओळखलं.

"किती?" त्याने विचारलं.

"अडतीस मायक्रॉन. मर्यादा दहाची आहे. शिवाय काठाचा टवका उडालाय, हा बघा."

"पुन्हा मोजा."

"तीनदा मोजलंय, साहेब."

"मग चौथ्यांदा मोजा. मला सांगा नागाकुरासान, अशी गाडी चालवतो कोण? नेमकी त्या वेगावर लाखदा खाली-वर? वेडाच असायला हवा."

"वेडा कशाला? कावानेच्या चढावर चहाच्या गोण्या घेऊन जाणारा कुणीही. वळण आलं की कमी, वळण संपलं की जास्त. दिवसभर तेच करतात ते."

"तुम्ही गाडी चालवता का?"

"नाही. मी मोजते."

त्सुकाकोशी हसला. तो रागावला असता तर शिगेकोला बरं वाटलं असतं. "पिन लांब करायची, तेलाची वाट मोठी करायची, म्हणजे सहा महिने गेले. गाडी एप्रिलात बाजारात आहे. हे वर जाऊन मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या कागदावर अडतीसच राहील."

"राहू द्या की," तो म्हणाला. "आकडा तुमचा, निर्णय आमचा."

तिने अडतीस लिहून, आपल्या नावाचा शिक्का मारून अहवाल दिला. गाडी एप्रिलात बाजारात आली. वर्ष भरायच्या आत चढावरच्या गावांतून तक्रारी यायला लागल्या. इंजिनात टकटक होते, मध्येच जोर जातो. वरून चौकशी आली. कपाटातून अहवाल निघाला, आणि त्यावर आकडा होता आठ. खाली नागाकुराचा शिक्का.

"मी अडतीस लिहिलं होतं," शिगेको म्हणाली. "माझी मोजणीची वही आणा."

वही सापडली नाही. अहवाल तिला लांबूनच दाखवला आणि परत पाकिटात घातला. मोजणीचं यंत्र शून्यावर न आणताच तिने माप घेतलं असणार, असं ठरलं. एका सकाळी, रोजची कवायत झाल्यावर, सातशे लोकांसमोर तिला चौथऱ्यावर उभं केलं. कंबरेत वाकून तिने माफी मागितली. नोकरी टिकवायची तर दुसरा मार्ग नव्हता. आई अंथरुणाला खिळलेली होती. ती वाकलेली असतानाच शेजारून त्सुकाकोशीचा आवाज आला, "माणूस आहे, चुकतो. आपण सगळ्यांनी नागाकुरासानना समजून घेऊ या."

शिव्या तिने पचवल्या असत्या. ही माया तिला पचली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली ती नऊ वर्षं तिथेच राहिली.

मोजणीची खोली गेली. तिला तळघरातल्या कागदांच्या कोठीत पाठवलं. जुने अहवाल पंधरा वर्षं जपायचे, मग लगद्याला पाठवायचे, त्यांची देखरेख करायची. तिथे सहसा कंटाळून स्वतःहून राजीनामा देणारी माणसं पाठवतात. शिगेकोने राजीनामा दिला नाही. तिने कपाटं लावायला घेतली. आणि ज्या बाईला तोंड काळं करून हाकललं, तिच्याच ताब्यात आपण सगळे कागद देतोय हे वरच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती की काय, कोण जाणे.

दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात चौकशीची पाकिटं कोठीत जमा झाली. शिगेकोने दार लावून घेतलं आणि तो अहवाल काढला. आठचा आकडा तिने पाहिला आणि पुढे गेली. तो तिला माहीतच होता. तिची नजर शिक्क्यावर थबकली.

आमच्या कचेऱ्यांत सहीऐवजी नावाचा गोल शिक्का मारतात. कागदावर चौकटींची रांग असते, डावीकडे साहेब, उजवीकडे उतरत्या भाजणीने बाकीचे. रीतीची माणसं आपला शिक्का सरळ मारत नाहीत. किंचित डावीकडे कलता मारतात, म्हणजे आपलं नाव साहेबाच्या नावापुढे वाकून नमस्कार करतंय असं दिसतं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पहिल्या नोकरीत पहिल्या आठवड्यात कुणीतरी कानात सांगतं, आणि मग हातालाच वळण पडतं. शिगेकोला चौघांनी सांगून पाहिलं होतं. ती म्हणायची, माझ्याच्याने वाकडं काही ठेववत नाही. चौदा वर्षांत तिचा एकही शिक्का कलला नव्हता, आणि त्यावरून तिला उद्धट म्हणणारे कमी नव्हते.

या कागदावरचं 'नागाकुरा' वाकलेलं होतं. अदबीने, डावीकडे, त्सुकाकोशीच्या शिक्क्याकडे.

नागाकुरा नावाचा शिक्का गावातल्या कुठल्याही वह्या-पेन्सिलींच्या दुकानात फिरत्या स्टँडवर मिळतो. त्याने तो विकत घेतला, नवा कागद केला, आठ लिहिले. तिथवर चोराने चोरी केली, ठीक. पण शिक्का उचलल्यावर त्याचा मेला हात सवयीने वळला आणि तिच्या नावाला त्याने स्वतःच्याच पायाशी वाकवलं. शिगेको कोठीत एकटीच हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि रडून झाल्यावर तिने मोजायला घेतलं. त्सुकाकोशी हुद्द्याने धाकटा होता तेव्हाचे अहवाल काढले, वरच्यांच्या शिक्क्यांशेजारी त्याने मारलेले शिक्के शोधले, आणि कोनमापक लावला. एकशे सहा शिक्के मोजले. अकरा अंश. कुठे अर्धा अंश इकडे, कुठे अर्धा तिकडे. मग तिचं खोटं नाव मोजलं. तेही अकरा अंश.

ही गोष्ट तिने एकाच माणसाला सांगितली. मासुयो, कारखान्याच्या खानावळीत वाढणारी, तिच्याच वयाची विधवा, तोंडाने फटकळ.

"मग बसलीस काय अशी? जा, नेऊन दे वर!" मासुयो म्हणाली. तिच्या हातातला ग्योझांचा, त्या सारण भरलेल्या करंज्यांचा, झारा तसाच राहिला.

"आत्ता?"

"नाहीतर काय मुहूर्त काढतेस?"

"आत्ता तो दुसऱ्या पायरीवर आहे, मासुयो. आत्ता ढकलला तर गुडघा खरचटेल. चार लोक हळहळतील, बदली होईल, संपलं. त्याला चढू दे. पार वर जाऊ दे."

"आणि तोवर तू त्या बिळात कागद चिवडणार?"

"चिवडीन."

"बाई गं," मासुयोने ताटात दोन ग्योझा जास्तीच्या टाकल्या. "तुझ्याशी वाकडं घेणाऱ्याचं काही खरं नाही. खा, अंगात बळ तरी राहील."

मासुयोला जे सांगितलं नाही ते असं. त्याच हिवाळ्यात पुढच्या इंजिनाची रेखाटनं कोठीत आली. शिगेकोने ती उलगडली. पिन तीच होती. तीच लांबी, तेलाची तीच अरुंद वाट. दोष पिनेचा नसून मोजणाऱ्या बाईचा होता असं कागदोपत्री ठरलेलं, मग पिन कशाला कोण बदलेल? जुन्या गाड्यांत नव्या पिना बसवून दिल्या होत्या, त्यांचीही टकटक आज ना उद्या सुरू होणार होती. शिगेको त्या रेखाटनाकडे बराच वेळ पाहत राहिली. आता बोलावं, असं तिला वाटलं. तिने ते कपाटात ठेवलं. टकटक होईल, तिने मनाशी म्हटलं, फार तर जोर जाईल, लोक दुरुस्तीला नेतील. आणि जितक्या गाड्या ठोकत येतील तितका तो जास्त खोल गाडला जाईल. हा विचार तिला गोड लागला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग त्सुकाकोशी चढत गेला. गटप्रमुखाचा विभागप्रमुख झाला, विभागप्रमुखाचा उपसंचालक. दर नववर्षाला शिगेको त्याला शुभेच्छापत्र पाठवायची. सुबक अक्षरात एकच ओळ: 'याही वर्षी आपली आणखी उन्नती होवो.' इतक्या मनापासूनच्या शुभेच्छा त्याला सख्ख्या आईनेही दिल्या नसतील. त्याचंही छापील उत्तर यायचं. जिन्यात गाठ पडली तर ती लवून नमस्कार करायची आणि तो म्हणायचा, "कशा आहात नागाकुरासान? तळघरात थंडी नाही ना वाजत?"

"छे, साहेब. चांगलं उबदार आहे," ती म्हणायची.

यंदाच्या एप्रिलात तो कारखान्याचा प्रमुख होणार, असं ठरलं. शिगेकोने पाकीट तयार ठेवलं. नेमणुकीच्या समारंभातच उभं राहायचं, पाहुण्यांसमोर, हे तिने पक्कं केलं होतं. पण त्याआधीच, गेल्या ऑक्टोबरात, कावानेच्या चहाच्या मळ्यांत इवाओ त्सुचिया नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची त्या नव्या इंजिनाची छोटी मालवाहू गाडी चढावर जागीच अडकली. पिन तुटून तिचा तुकडा कॅममध्ये शिरला, इंजिन जाम झालं, ब्रेकची ताकद गेली, आणि गाडी भरल्या गोण्यांसकट मागे घसरत ओढ्यात पडली. म्हाताऱ्याची मांडी दोन ठिकाणी मोडली. पाय वाचला नाही.

शिगेकोने ही बातमी खानावळीत वाचली. मासुयोने वाढलेलं तसंच राहिलं.

चौकशीला बाहेरून कुसाका नावाची बाई नेमली. पस्तिशीची, कमी बोलणारी अभियंता. फेब्रुवारीत तिने कारखान्यातल्या लोकांना एकेक करून बोलावलं. त्सुकाकोशीने तिला सांगितलं, पिनेची पूर्वी रीतसर चाचणी झाली होती, दुर्दैवाने मोजणीत एका कर्मचारी बाईची चूक झाली, ती जुनी गोष्ट आहे, बाईंना आता त्रास देऊ नये. कुसाकाने त्रास द्यायचा ठरवला. शिगेकोला वर बोलावणं आलं. ती हातगाडीवर सहा खोकी घालूनच आली.

त्सुकाकोशी खोलीत होताच. "अहो, एवढं ओझं कशाला आणलंत?" तो म्हणाला.

"माझं नाही हे साहेब. तुमचं आहे."

तिने आपले जुने अहवाल एकावर एक मांडले. सरळ शिक्का, सरळ शिक्का, सरळ शिक्का. मग तो एक कागद ठेवला. मग लगद्याला न पाठवता राखून ठेवलेले त्याचे जुने अहवाल आणि सगळ्यांत वर कोनमापक.

"मोजा," ती कुसाकाला म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझी मोजणी चुकते असं इथे सगळ्यांना माहीत आहे."

कुसाकाने मोजायला सुरुवात केली. आधी उभ्याने, मग खुर्ची ओढून. पाऊण तास ते चाललं. विसाव्या शिक्क्याला त्सुकाकोशी म्हणाला, "शिक्का काय, कुणाचाही कलू शकतो. ही काय पुरावा म्हणायची गोष्ट आहे?"

"तुमचा कलतो," शिगेको म्हणाली. "अकरा अंश. बावीस वर्षं. कुणापुढे किती वाकायचं ते तुमच्या हाताला पाठ आहे, साहेब. मला वाकवतानाही बघायची गरज पडली नाही तुम्हाला."

चाळिसाव्या शिक्क्यानंतर कुसाकाने कोनमापक खाली ठेवला. "त्सुकाकोशीसान," ती म्हणाली, "हा कागद कुणी तयार केला?"

त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "सहा महिन्यांचा प्रश्न होता," तो म्हणाला. "सगळे माझ्याकडे बघत होते. मी… मी केला."

शिगेकोने हे वाक्य नऊ वर्षं तांदूळ धुताना ऐकलं होतं. ते तिने नीट ऐकून घेतलं, एकेक शब्द. छातीवरचं काहीतरी उतरलं आणि तिला मोकळा श्वास आला. त्याच्या खाली गेलेल्या मानेकडे ती पोटभर पाहत राहिली. कीव आली नाही. ती म्हणाली, "तळघरात थंडी वाजते, साहेब. नऊ वर्षं वाजत होती."

कुसाकाने वहीचं पान उलटलं. "नागाकुरासान, एक विचारायचं राहिलं. हा कागद तुमच्या हाती कधी लागला?"

कोठीत कुठलं पाकीट कधी उघडलं याची नोंद होत नसे. 'गेल्या महिन्यात' म्हटलं असतं तर कुणालाही खोडून काढता आलं नसतं. त्सुकाकोशीने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. आता ही काय आकडा सांगते, एवढंच कुतूहल होतं.

"सात वर्षं, तीन महिने," शिगेको म्हणाली.

कुसाकाचं पेन थांबलं. "नव्या इंजिनात तीच पिन आहे, हे तेव्हा माहीत होतं?"

"दोन महिन्यांनी कळलं. रेखाटनं माझ्याकडेच येतात."

"मग बोलला का नाहीत?"

"हे आणखी वर चढायची वाट बघत होते."

कुसाकाने ते उत्तर शब्दशः लिहून घेतलं. मग तिने हळू आवाजात सांगितलं, "त्सुचियांची मुलगी रोज फोन करते मला. पैशांचं विचारत नाही. हे कुणाकुणाला माहीत होतं, तेवढी नावं द्या म्हणते."

तिने कोरा कागद पुढे ओढला आणि लिहिलं. त्सुकाकोशी. त्याखाली नागाकुरा. लिहून झाल्यावर चौकशीच्या रीतीप्रमाणे कागद फिरवून तिने शिगेकोपुढे धरला. "बरोबर आहे का, बघून घ्या."

शिगेकोने चष्मा लावला. दोन्ही नावं तिने नीट, अक्षर न अक्षर तपासली. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.